ऑइल गळणारा टर्बो घरी उघडताना

साताऱ्यात गाडी वापरणाऱ्याला घाट चुकत नाही. पुण्याकडे निघाले की खंबाटकी लागतो, वाईहून पाचगणीला जाताना पसरणी लागतो आणि पाहुण्यांना कास दाखवायचे म्हटले की यवतेश्वर चढावाच लागतो. सपाट रस्त्यावर निवांत असणारा टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, या चढांवर खरा कामाला लागतो, त्यामुळे त्याचे दुखणेही बहुधा तिथेच उघडे पडते. माझ्या बारा वर्षांच्या छोट्या डिझेल गाडीने असाच एकदा यवतेश्वरच्या वळणावर मागे निळ्या धुराचा पट्टा सोडला, पिकअप पडला आणि घरी येऊन डिपस्टिक पाहिली तेव्हा ऑइल खालच्या खुणेलाही टेकत नव्हते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये बॉनेट उघडण्याआधीच निदान झाले: "साहेब, टर्बो गेला. नवाच टाकावा लागेल." टर्बो खरोखरच उघडावा लागला, परंतु तो कशामुळे गेला हे पाहिले नसते तर नवा टर्बोही त्याच वाटेने गेला असता. माझी पहिली दुरुस्ती त्याच वाटेने गेली, आणि ती हकिगत पुढे येईलच.

ज्यांनी निदान ब्रेक पॅड, ऑइल फिल्टर, होज पाइप अशी कामे स्वतःच्या हाताने केली आहेत आणि ज्यांच्याकडे चांगले सॉकेट, टॉर्क पाना, सर्क्लिपची पक्कड, चुंबकी स्टँडसह डायल गेज आणि मायक्रोमीटर आहे किंवा उसना मिळू शकतो, त्यांनीच या कामाला हात घालावा. टर्बोचा प्रकारही आधी ओळखला पाहिजे. मारुतीच्या १.३ लिटर डिझेल इंजिनाचेच उदाहरण घेतले तर ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट वायू बाजूने सोडून देणारी झडप, असलेला साधा टर्बो आहे आणि ९० अश्वशक्तीच्या आवृत्तीत हलत्या पात्यांचा, म्हणजे व्हीजीटी टर्बो आहे. साधा टर्बो घरच्या शेडमध्ये उघडता येतो. व्हीजीटीमध्ये पात्यांचे किमान उघडणे ठरवण्यासाठी हवेचा प्रवाह मोजणारे यंत्र लागते, म्हणून त्या पात्यांच्या कड्याला आणि त्याच्या ॲडजस्टिंग स्क्रूला घरी हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गळती नेमकी कुठून होते

टर्बोमध्ये एका शाफ्टच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. एक्झॉस्टच्या गरम वायूने फिरणारा टर्बाइनचा पंखा शाफ्टला वेल्डिंगने कायमचा जोडलेला असतो, तर हवा दाबणारा ॲल्युमिनियमचा कॉम्प्रेसर पंखा दुसऱ्या टोकाला नटाने आवळलेला असतो. मधल्या हाउसिंगमध्ये दोन तरंगती बुश बेअरिंगे आणि शाफ्टला पुढेमागे सरकू न देणारे थ्रस्ट बेअरिंग असते. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरू शकतो, आणि या वेगाला रबरी सील टिकणे शक्यच नसते. म्हणून तिथे पिस्टनच्या रिंगसारखी, पण शर्टाच्या गुंडीएवढी, लोखंडी रिंग बसवलेली असते.

ही रिंग शाफ्टबरोबर फिरत नाही, ही गोष्ट नीट समजून घ्यावी. ती स्वतःच्या ताणाने हाउसिंगच्या भोकाला धरून स्थिर बसते आणि शाफ्टवरची खाच तिच्याभोवती फिरते. रिंग आणि खाच यांच्यात सूक्ष्म फट राहतेच. त्या फटीतून ऑइल बाहेर येत नाही याचे कारण असे की बाहेरच्या बाजूला हवेचा किंवा एक्झॉस्टचा दाब असतो आणि आतले ऑइल, बेअरिंगमधून फेसाळत बाहेर पडताच, कोणत्याही पंपाविना केवळ स्वतःच्या वजनाने खालच्या जाड पाइपातून इंजिनाच्या सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरत असते. ही उतरण्याची वाट अडली, इंजिनाच्या पोटातला दाब वाढला, किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ओढ निर्माण झाली, की कोरा करकरीत टर्बोसुद्धा ऑइल ओकतो. ऊसतोडणीच्या हंगामात कोरेगाव किंवा कऱ्हाडकडच्या ट्रॉल्यांच्या मागे रोज गाडी चालवणाऱ्याच्या एअर फिल्टरची मार्चअखेर काय अवस्था होते, हे ज्याने त्याने डबी उघडून पाहावे.

पाना उचलण्यापूर्वी

प्रथम ऑइल कुठे आहे यापेक्षा ते कुठून सुरू होते हे पाहावे. एअर फिल्टरकडून कॉम्प्रेसरकडे येणारा होज काढून आत पांढरे फडके फिरवावे. कॉम्प्रेसरच्या आधीच्या भागातच ऑइल साचलेले असेल, तर ते ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ हवेच्या वाटेत सोडणाऱ्या, नळीतून आलेले आहे, टर्बोतून नव्हे. कॉम्प्रेसरच्या पुढे, दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजमध्ये, ऑइलचा पातळ थर बहुतेक टर्बो डिझेल गाड्यांत असतो आणि त्याला घाबरण्याचे कारण नाही; पण होज तिरका करताच ऑइल धारेने पडले तर मामला गंभीर आहे. एक्झॉस्टकडेही हाच न्याय लावावा. टर्बाइनच्या बाहेरच्या तोंडाशी ओले ऑइल आणि इंजिनातून टर्बोकडे एक्झॉस्ट आणणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये मात्र कोरडी काजळी असेल तर गळती टर्बोची. मॅनिफोल्डसुद्धा ओला असेल तर ऑइल इंजिनातूनच, पिस्टन रिंगांतून किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून, येत आहे आणि टर्बो उघडून काहीही साधणार नाही.

यानंतर इंजिनाच्या पोटातला दाब मोजावा. त्यासाठी महागडे गेज लागत नाही. गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी दोनेक मीटर घ्यावी, ती फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून बांधावी, निम्म्यापर्यंत पाणी भरावे आणि एक टोक रबरी तुकड्याने डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवावे. दोन्ही भुजा पुरेशा उंच ठेवाव्यात, म्हणजे पाणी उसळून इंजिनात जाणार नाही. इंजिन गरम करून आयडलवर ठेवले असता निरोगी गाडीत पाणी जेमतेम हलते. माझ्या गाडीत दोन भुजांतल्या पाण्यात ९० मिलिमीटरचा फरक दिसला. ब्रीदरच्या नळीचे एक वळण काळ्या मलमासारख्या गाळाने जवळजवळ बंद झाले होते. ते साफ केल्यावर फरक १० मिलिमीटरवर आला. ब्रीदर साफ करूनही पाणी चढलेलेच राहिले तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत असे समजावे, आणि मग टर्बोवर केलेला खर्च पाण्यात जाईल.

शेवटी, गाडी पूर्ण थंड असताना, कॉम्प्रेसरच्या तोंडातून शाफ्टचे टोक बोटांनी हलवून पाहावे. ते आडवे किंचित हलते, आणि हलायलाच हवे, कारण तरंगत्या बेअरिंगमध्ये ऑइलच्या थरासाठी जागा ठेवलेली असते. नवखे लोक एवढ्यावरच टर्बो बाद ठरवतात. एका बाजूला दाबून फिरवताना पंख्याची पाती हाउसिंगला घासत असतील, तरच ती झीज जास्त समजावी. पुढेमागे होणारी हालचाल मात्र बोटांना जवळजवळ जाणवता कामा नये. डायल गेजवर ती बहुतेक छोट्या टर्बोंत ०.१ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. नेमकी मर्यादा टर्बोगणिक वेगळी असल्याने आपल्या टर्बोच्या मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण मानावा.

येथे एक धोक्याची सूचना. गळणारा टर्बो घेऊन "अजून दोन दिवस चालवू" असे करू नये. इंटरकूलरमध्ये साचलेले ऑइल एकदम इंजिनात ओढले गेले तर डिझेल इंजिन तेच ऑइल जाळत बेफाम पळू लागते आणि चावी काढली तरी बंद होत नाही, कारण त्याला पेटण्यासाठी स्पार्क लागत नाही. गिअरची गाडी असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडावा आणि इंजिन बंद पाडावे. गाडी उभी असेल तर हवेचे तोंड सपाट फळीने झाकावे. हात किंवा फडके कधीही लावू नये.

टर्बो काढणे

एक्झॉस्टचे नट हा या कामातला सर्वांत हट्टी भाग आहे. आदल्या संध्याकाळी, आणि पुन्हा सकाळी, त्यांच्या आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारावे आणि नट सैल होताना करकरला तर जोर न लावता अर्धा फेरा मागे आवळून पुन्हा सोडावा. तरीही स्टड तुटलाच तर त्यावर नट वेल्ड करून काढून देणारा वेल्डर एमआयडीसीच्या बाजूला सहज मिळतो. घरी ड्रिल मारून मॅनिफोल्ड बिघडवण्यापेक्षा ते बरे.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी, टर्बोला कूलंटचे पाइप असतील तर कूलंट काढून घ्यावे, मग हीट शील्ड, हवेचे होज, वरून येणारा बारीक ऑइल पाइप आणि खालचा जाड ड्रेन पाइप या क्रमाने सुटे करावेत. प्रत्येक उघडे तोंड लगेच टेपने बंद करावे. इंजिनाच्या तोंडात एक वायसर पडला तर दिवस जातो, आणि तो पडला हे कळलेच नाही तर इंजिन जाते. टर्बो उचलताना ॲक्च्युएटरच्या, म्हणजे वेस्टगेट हलवणाऱ्या डबीच्या, दांड्याला धरू नये. तो दांडा अर्धा मिलिमीटर वाकला तरी बूस्टचे, म्हणजे टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबाचे, गणित बिघडते.

काढलेला ड्रेन पाइप उजेडाकडे धरून त्यातून आरपार पाहावे. बारीक ऑइल पाइप मात्र साफ करून परत वापरण्याच्या फंदात पडू नये. उष्णतेने आत जळून चिकटलेला कोळसा काढला असे वाटते, पण राहिलेला कण पुढे बेअरिंगच्या भोकात जाऊन बसतो. पाइप नवा घ्यावा, तांब्याचे वायसर नवे घ्यावेत, आणि पाइप धरणाऱ्या पोकळ बँजो बोल्टमध्ये बारीक जाळी असेल तर तीही पाहावी.

उघडणे आणि धुणे

टर्बो उघडण्याआधी बाहेरून डिझेलने धुऊन कोरडा करावा. त्यानंतर कॉम्प्रेसर हाउसिंग, मधले हाउसिंग आणि टर्बाइन हाउसिंग यांच्या सांध्यांवर टोच्याने आडव्या रेघा ओढाव्यात, म्हणजे ते परत त्याच कोनात बसतील. दुसरी खूण याहून महत्त्वाची आहे. कॉम्प्रेसर पंखा, त्याचा नट आणि शाफ्टचे टोक या तिन्हींवरून जाणारी एकच सरळ रेघ पांढऱ्या रंगाने काढावी. हे सगळे मिळून बॅलन्स केलेले असते. पंखा दहा अंश फिरून बसला तरी तो बॅलन्स राहत नाही.

कॉम्प्रेसर हाउसिंग बोल्ट किंवा मोठी सर्क्लिप काढल्यावर सहसा सहज निघते. टर्बाइन हाउसिंग गंजाने जाम झालेले असते; त्याला चारी बाजूंनी लाकडी किंवा रबरी हातोड्याने थोडे थोडे ठोकत सरळ रेषेत सोडवावे, कारण ते तिरके निघाले तर आतली पाती वाकतात, आणि वाकलेल्या पात्याला सरळ करण्याचा उपाय नाही.

आता कॉम्प्रेसरचा नट. बहुतेक छोट्या टर्बोंत याचे आटे उलटे असतात, जेणेकरून शाफ्टच्या फिरण्याने नट सैल होऊ नये. ज्या ठिकाणी आटे आहेत तिथे शाफ्ट पेन्सिलीपेक्षाही बारीक असतो, त्यामुळे चुकीच्या बाजूला एक जोराचा हिसका दिला की काम संपले. पाना लावण्यापूर्वी भिंग घेऊन आट्यांचा चढ पाहावा. टर्बाइन पंख्याच्या नाकावर षट्कोनी किंवा बारा कोनी आकार असतो, तो सॉकेटने व्हाइसमध्ये धरावा. पाती धरून शाफ्ट अडवू नये. नट निघाला की पंखा हाताने सरकतो. घट्ट असेल तर गरम तेलात तो पंखा थोडा तापवावा, ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगत असल्याने तो सुटतो.

शाफ्ट टर्बाइनच्या बाजूने बाहेर ओढला की रिंग त्याच्यासोबत येते. कॉम्प्रेसरच्या बाजूची बॅकप्लेट, तिची ओ-रिंग, थ्रस्ट कॉलर, थ्रस्ट बेअरिंग आणि मग सर्क्लिप काढून दोन्ही बुश, असे भाग क्रमाने निघतात. मी त्यासाठी कंदी पेढ्यांचा रिकामा खोका वापरला. त्याच्या तळाशी पेनाने भागांचा क्रम काढला, प्रत्येक भाग आपल्या चित्रावर आणि निघाला त्याच तोंडाने ठेवला, आणि दर टप्प्याला मोबाइलवर फोटो काढला. सर्क्लिप कोणत्या बाजूने बसली होती हे फोटोत नीट दिसले पाहिजे, कारण आठवणीवर विसंबले तर ते हमखास उलटे होते.

धुण्यासाठी डिझेल आणि कार्ब्युरेटर क्लीनर पुरेसे आहे. टर्बाइनकडच्या कप्प्यात चिकटलेला कोळसा रात्रभर भिजत ठेवावा आणि नायलॉनच्या ब्रशने काढावा. शाफ्टच्या बेअरिंगच्या जागेवर पॉलिश पेपर, तारेचा ब्रश किंवा चाकूचे टोक लावू नये. तपकिरी डाग क्लीनरने भिजवून मऊ फडक्यानेच निघू द्यावा. ऑइलची भोके हवेच्या दाबाने फुंकून त्यातून उजेड दिसतो याची खात्री करावी. गॅरेजमधले कॉटन वेस्ट या कामात पूर्ण वर्ज्य समजावे, कारण त्याचा एक धागाही ते भोक बंद करायला पुरतो. जुने, अनेकदा धुतलेले मलमलीचे धोतर सर्वांत चांगले. आमच्या घरी ते आजोबांच्या ट्रंकेत सापडले आणि त्यावरून थोडी बोलणीही खावी लागली.

तपासणी, आणि कुठे थांबायचे

धुतल्यावर शाफ्ट दिवसाच्या उजेडात फिरवून पाहावा. निळसर किंवा जांभळी छटा दिसली तर त्याला कधीतरी ऑइल मिळालेले नाही. नखाला अडकेल अशी रेघ दिसली तर ऑइलमधून घाण आली आहे. मायक्रोमीटरने प्रत्येक बेअरिंगच्या जागेवर काटकोनात दोन मापे घ्यावीत आणि ती मॅन्युअलशी ताडावीत. दोन मापांत ०.०१ मिलिमीटरचा फरक पडला तरी संशय घ्यावा. रिंगच्या खाचेच्या कडा चौकोनी आहेत का, आणि हाउसिंगच्या भोकात रिंग बसते तिथे पायरी पडली आहे का, हेही पाहावे. पायरी पडली असेल तर नवी रिंगही तिथे टिकणार नाही.

पाती हाउसिंगला घासलेली, टोक तुटलेले, शाफ्ट निळा पडलेला किंवा भोकाला पायरी पडलेली, यांपैकी काहीही आढळले तर रिंगा-बुशांचे दुरुस्ती किट बसवण्याचा विचार सोडावा. पंखा किंवा शाफ्ट बदलला की संपूर्ण जोडणी यंत्रावर बॅलन्स करावी लागते आणि ते घरी होत नाही. अशा वेळी आधीच बॅलन्स करून येणारे पूर्ण कार्ट्रिज, ज्याला आपल्याकडे कोअर म्हणतात, ते घ्यावे किंवा बॅलन्सिंग मशीन असलेल्या पुण्याच्या टर्बो वर्कशॉपमध्ये काम द्यावे. खरे सांगायचे तर जुनाच शाफ्ट आणि जुनाच पंखा खुणेवर परत बसवला तरी कारखान्यातला बॅलन्स तंतोतंत राहील याची हमी नाही. पंखे निर्दोष असताना आणि फक्त रिंगा, बुश व थ्रस्ट बेअरिंग बदलायचे असतानाच हा धोका पत्करण्यासारखा आहे. टर्बाइन हाउसिंगमध्ये वेस्टगेटच्या बैठकीजवळ केसासारख्या बारीक तडा पुष्कळदा असतात आणि त्या चालतात. तडा आरपार किंवा फ्लँजपर्यंत गेली असेल तर चालत नाही.

जोडणी

किट मागवताना टर्बोच्या पाटीवरचा पूर्ण क्रमांक द्यावा, गाडीचे नाव सांगून भागत नाही. टर्बाइनकडची रिंग एक जास्तीची घ्यावी. ही सूचना अनुभवातून आली आहे: पहिली रिंग खाचेत चढवताना मी ती गरजेपेक्षा केसभर जास्त फाकवली, "टिक्" असा बारीक आवाज झाला आणि दुसरी रिंग येईपर्यंत चार दिवस पेढ्यांचा खोका कपाटावर झाकून ठेवावा लागला.

रिंग शाफ्टवर चढवण्याआधी ती नुसतीच हाउसिंगच्या भोकात सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने मोजावी. फट मुळीच नसेल तर गरम झाल्यावर रिंग अडकेल, म्हणून किटबरोबरचे माप पाळावे. सगळे भाग स्वच्छ इंजिन ऑइलने भिजवून बसवावेत. बुश आणि सर्क्लिप बसल्यावर शाफ्ट टर्बाइनकडून आत घालताना रिंग भोकाच्या कडेशी अडते. तिथे ढकलू नये. शाफ्ट उभा धरून, रिंग खाचेच्या मधोमध आहे असे पाहून, हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत राहावे. रिंग दबून आत सरकली की हाताला ते स्पष्ट कळते. एकाच खाचेत दोन रिंगा असतील तर त्यांच्या फटी समोरासमोर, म्हणजे १८० अंशांवर ठेवाव्यात.

थ्रस्ट बेअरिंगचे ऑइलचे भोक हाउसिंगच्या भोकासमोर आले पाहिजे, बॅकप्लेटची ओ-रिंग नवी आणि न पिळता बसली पाहिजे. मग पंखा पांढऱ्या खुणेवर चढवून नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळावा. हा टॉर्क मोजक्या न्यूटन-मीटरचाच असतो, त्यामुळे चाकाचे नट आवळण्याचा मोठा टॉर्क पाना येथे निरुपयोगी आहे. आवळल्यावर पांढरी रेघ पुन्हा सरळ जुळली का हे पाहावे. शाफ्ट ऑइलच्या किंचित जडपणाने, पण कुठेही न अडता फिरला पाहिजे. पुढेमागे होणारी हालचाल डायल गेजवर पुन्हा मोजून कागदावर लिहून ठेवावी. दोन्ही हाउसिंग टोच्याच्या खुणांवर बसवून परत फिरवून पाहावे. वेस्टगेटच्या दांड्याची लांबी बदलू नये.

आता माझी चूक. पहिल्या वेळी हे सर्व मी काळजीपूर्वक केले, आणि गाडीवर चढवताना ड्रेन पाइपच्या पॅकिंगला, पक्के बसावे म्हणून, दोन्ही बाजूंनी सिलिकॉनची पेस्ट लावली. तीन आठवड्यांत इंटरकूलरचा होज पुन्हा ओला झाला. टर्बो हलवून पाहिला तर तो उत्तम होता. ड्रेन पाइप सोडला तेव्हा तोंडाशी आतल्या बाजूला दाबून बाहेर आलेल्या पेस्टची करड्या रंगाची जीभ लोंबत होती, आणि तिने भोकाचा तिसरा हिस्सा झाकला होता. ऑइल दाबाने जात असते तर तिला बाजूला सारून गेले असते, पण ते नुसते गळून पडणारे ऑइल. ते वर तुंबले आणि रिंगच्या फटीतून निघाले. पेस्ट काढली, कोरे पॅकिंग टाकले, टर्बो न उघडताच गळती थांबली. तेव्हा टर्बोच्या ऑइल येण्याच्या किंवा जाण्याच्या कोणत्याही सांध्याला पेस्ट लावू नये. पृष्ठभाग सपाट आणि स्वच्छ असेल तर नुसते पॅकिंग पुरते. ड्रेन पाइपचा रबरी तुकडा फुगून आतून अरुंद झालेला असेल तर तोही बदलावा.

पहिली सुरुवात

इंटरकूलर काढून, उलटा टांगून, त्यातले ऑइल पूर्ण निथळू द्यावे. डिझेलने खंगाळावे, साबणाच्या पाण्याने धुवावे आणि निदान एक दिवस उन्हात वाळवावे. आत राहिलेले डिझेल किंवा ऑइल हे इंजिनाच्या दृष्टीने इंधनच आहे. इंजिन ऑइल मॅन्युअलमधल्या दर्जाचे, नव्या फिल्टरसह भरावे आणि ते वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नये, कारण सम्पमधली पातळी वाढली की ड्रेन पाइपचे तोंड बुडते. एअर फिल्टरही नवाच टाकावा.

बारीक ऑइल पाइप जोडण्यापूर्वी टर्बोच्या वरच्या भोकात चमचाभर स्वच्छ ऑइल ओतून पंखा बोटाने फिरवावा. त्यानंतर इंजेक्टरचे कनेक्टर काढून, म्हणजे इंजिन पेटणार नाही अशा अवस्थेत, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारावा आणि मध्ये त्याला विश्रांती द्यावी. ड्रेन पाइप त्या वेळी खालून सोडून एका डब्यात ठेवला तर ऑइल टर्बोतून खरोखर वाहत आहे हे डोळ्यांनी दिसते. मी ऑइलची पहिली धार दिसेपर्यंत चार वेळा स्टार्टर मारला. या कामात कनेक्टर काढल्यामुळे डॅशबोर्डवर दिवा लागू शकतो. तो स्कॅनरने जातो.

सर्व जोडून झाल्यावर गाडी अंगणात, मोकळ्या हवेत सुरू करावी. एक माणूस चावीवर आणि दुसरा हवेच्या तोंडाशी फळी घेऊन उभा असावा. ॲक्सिलरेटरला पाय न लावता पाच मिनिटे आयडलवर ठेवावी आणि तेवढ्या वेळात प्रत्येक सांधा बॅटरीच्या उजेडात पाहावा. सायलेन्सरमध्ये आधी साचलेले ऑइल जळत असल्यामुळे सुरुवातीला धूर येतो आणि शेजारी चौकशीला येतात. तो धूर हळूहळू कमी होत गेला पाहिजे. एकदा गरम होऊन थंड झाल्यावर एक्झॉस्टचे नट पुन्हा तपासावेत.

पहिले शंभरेक किलोमीटर गावातच, हलक्या पायाने चालवावे आणि मगच घाटाला न्यावे. चढून वर आल्यावर लगेच चावी काढू नये. मिनिट-दोन मिनिटे आयडलवर ठेवावी, म्हणजे लाल झालेल्या टर्बाइनची उष्णता ऑइल घेऊन जाते आणि ते बेअरिंगमध्ये जळून कोळसा होत नाही. त्याउलट तासभर नुसती आयडलवर ठेवण्याची सवयही चांगली नाही, कारण तेव्हा कॉम्प्रेसरच्या बाजूला दाब नसल्याने रिंगमधून थोडे ऑइल झिरपते. पाचशे किलोमीटर झाल्यावर इंटरकूलरचा खालचा होज सोडून त्यात पुन्हा पांढरे फडके फिरवावे, डिपस्टिकची पातळी ऑइल भरतानाच्या पातळीशी ताडावी आणि ती गवंड्याची नळी पुन्हा एकदा डिपस्टिकच्या भोकाला लावून पाहावी. माझ्या फडक्यावर दुसऱ्या वेळी फिकट तपकिरी डाग आला, आणि नळीतले पाणी ज्या खुणेवर सोडले होते तिथेच होते.